अर्ध्यावर थांबवलेली भूक

एक ग्रॅम कापूस म्हणजे चिमूटभर. पण त्या चिमटीतला प्रत्येक तंतू उसवत उसवत अगदी शेवटच्या धाग्यापर्यंत पोचलो आणि ते सगळे धागे एकापुढे एक ठेवले, तर लांबी किती भरेल? हिशेब शाळेच्या वहीत मांडता येईल इतका सोपा आहे. कापूस ज्या पदार्थाचा बनलेला असतो त्या सेल्युलोजची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे दीड ग्रॅम. कापसातला मूळ धागा ५ ते ७ नॅनोमीटर जाड. आपण ६ धरू आणि त्याचा छेद चौरस मानू. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. भागाकार केला की उत्तर येतं १ कोटी ८० लाख किलोमीटरहून जास्त. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. त्या चिमूटभर कापसात चंद्रापर्यंत जाऊन परत येण्याच्या चोवीस खेपा गुंडाळलेल्या आहेत. याच धाग्यांचा सगळा पृष्ठभाग मोजला तर तो भरतो ४४० चौरस मीटर. कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटरचं असतं. अशी तीन मैदानं झाकून वर थोडा उरेल.

हा नुसता कागदावरचा खेळ नाही. हे धागे खरोखर सुटे करता येतात. अशा सुट्या धाग्यांच्या द्रव्याला नॅनोसेल्युलोज म्हणतात. त्यातल्या सुघड, स्फटिकासारख्या भागाची लांबीच्या दिशेची ताठरता १०० ते १५० गिगापास्कल भरते. पोलादाची २०० असते, पण पोलादाचं वजन तेवढ्याच आकारमानाला जवळजवळ पाचपट. म्हणजे वजनाला वजन लावून पाहिलं तर झाडाचा हा अदृश्य धागा पोलादाला मागे टाकतो. आणि तो बनवायला भट्टी लागत नाही. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड एवढ्यावर कपाशीचं झाड तो बनवत असतं.

या धाग्याचं मूळ द्रव्य मात्र आपल्या फार ओळखीचं आहे. ज्वारीचा दाणा आणि ज्वारीचा कडबा घ्या. दाणा आपण खातो, कडबा गुरांपुढे टाकतो. दाण्यातला स्टार्च आणि कडब्यातलं सेल्युलोज ही दोन्ही एकाच साखरेची, ग्लुकोजची, लांबलचक साखळी आहे. फरक आहे तो फक्त एक ग्लुकोज पुढच्याला कुठल्या बाजूने जोडलेलं आहे याचा. स्टार्चमध्ये जोड अशी असते की साखळी वळत जाते, सैल राहते, पाणी आत शिरतं आणि आपल्या लाळेतलं एन्झाइमसुद्धा ती तोडू शकतं. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचं ग्लुकोज आधीच्याच्या उलट बाजूला वळलेलं असतं. त्यामुळे साखळी सरळ, सपाट फीत बनते. अशा फिती एकमेकींना खेटून बसतात, त्यांच्यामध्ये असंख्य हायड्रोजन बंध जुळतात आणि पाण्याला आत पाय ठेवायला जागा उरत नाही. एवढ्या एका वळणामुळे एका बाजूला भाकरी आणि दुसऱ्या बाजूला कडबा. गाय कडबा पचवते असं आपण म्हणतो, पण तिच्याही शरीरात सेल्युलोज तोडणारं एन्झाइम नसतं. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. रसायनशास्त्रात इतक्या छोट्या बदलाचा इतका मोठा परिणाम दाखवणारं दुसरं उदाहरण मला सुचत नाही.

कापूस हा सेल्युलोजचा राजा आहे. सरकीवर उगवणारा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. तीन सेंटिमीटरच्या आसपास लांब, पण जाडीला मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी. बोंड पिकत असताना ती पेशी आतल्या बाजूने सेल्युलोजचे थरावर थर चढवत जाते आणि बोंड फुटल्यावर वाळून जाते. उरतो तो नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्ध सेल्युलोजचा तंतू. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली तरी सरकीला आखूड लव चिकटून राहते. तिला गिरणीच्या भाषेत लिंटर म्हणतात. सूतगिरणीतही पिंजताना, विंचरताना आखूड तंतू गळत राहतात. त्यांचं सूत होत नाही. नॅनोमीटरच्या जगात मात्र आखूड-लांब हा भेद उरतच नाही. ज्या धाग्याची लांबीच हजारो नॅनोमीटरमध्ये मोजायची, त्याला अर्ध्या सेंटिमीटरचा टाकाऊ तंतूसुद्धा प्रचंड आहे.

मग अडतं कुठे? सोडवण्यात. जे बंध या धाग्याला बळ देतात तेच त्याला शेजाऱ्यापासून सुटू देत नाहीत.

सोडवण्याचे दोन जुने मार्ग आहेत. पहिला आम्लाचा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधल्या उप्साला इथे बेंग्ट रॉन्बी यांनी सल्फ्युरिक आम्लात सेल्युलोज शिजवून त्यातले सूक्ष्म कण वेगळे केले. आजही साठ टक्क्यांहून तीव्र सल्फ्युरिक आम्ल वापरून ही कृती केली जाते. आम्ल धाग्यातला सैल, अव्यवस्थित भाग खाऊन टाकतं आणि स्फटिकासारख्या ताठ काड्या मागे राहतात. उत्तम काड्या मिळतात, पण मग ते आम्ल धुऊन काढायला पाणीच पाणी लागतं. शिवाय काड्यांच्या अंगाला सल्फेटचे गट चिकटून राहतात आणि तापवल्यावर त्या लवकर करपतात. दुसरा मार्ग दांडगाईचा. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या आयटीटी रेयोनियर कंपनीच्या प्रयोगशाळेत अल्बिन टर्बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडाचा लगदा दूध एकजीव करणाऱ्या होमोजिनायझर यंत्रातून प्रचंड दाबाखाली पुन्हा पुन्हा काढला. पातळ लगद्याचा दाट, अर्धपारदर्शक जेल झाला. शोध मोठा होता, पण यंत्र तंतूंनी तुंबायचं आणि वीज भरमसाट लागायची. या पद्धतीत टनामागे २०,००० ते ३०,००० युनिट वीज लागणं ही नवलाची गोष्ट नव्हती. एवढ्या विजेच्या बिलापुढे तो शोध पुढची पंचवीसेक वर्षं जवळजवळ कपाटातच राहिला.

कपाट उघडलं ते एका बुरशीने. तिची गोष्ट सांगायला दुसऱ्या महायुद्धात, दक्षिण पॅसिफिकमध्ये जावं लागतं.

सॉलोमन द्वीपसमूहातल्या बोगनव्हिल बेटावर अमेरिकी सैन्य उतरलं होतं. दमट जंगलात सैनिकांचे तंबू, पट्टे, गणवेश सडून जात होते. सगळं कापडी सामान सुती. शत्रूच्या गोळीआधी बुरशीच कापड फाडत होती. सैन्याच्या क्वार्टरमास्टर विभागाने सडलेल्या कापडावरच्या बुरश्या गोळा करून मायदेशी पाठवायला सुरुवात केली. हेतू एकच, कापूस वाचवण्याचा उपाय शोधणं. बोगनव्हिलच्या कुजलेल्या सुती कॅनव्हासवरून मिळालेल्या एका हिरवट बुरशीला क्रमांक मिळाला क्यूएम६ए. एल्विन रीस यांनी तिचा अभ्यास केला आणि पुढे मेरी मँडेल्स यांनी तो नेटाने वाढवला. ही बुरशी काय सोडते, किती सोडते, कशाने जास्त सोडते हे दोघांनी खणून काढलं. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईत तर प्रश्नच उलटा झाला. कापूस सडण्यापासून वाचवायचा कसा, हे बाजूला पडलं. सेल्युलोज लवकर सडवून साखर कशी करायची आणि साखरेपासून इंधन कसं, हे शोधणं सुरू झालं. १९७७ मध्ये त्या बुरशीला रीस यांचंच नाव मिळालं: ट्रायकोडर्मा रीसाय. आज जगभर कारखान्यांत सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारी एन्झाइमं, बनवण्यासाठी या बुरशीचे जे वाण वापरले जातात, त्यांचं मूळ बोगनव्हिलच्या त्या एका नमुन्यापर्यंत जातं. त्यातले काही वाण एका लिटर द्रावात १०० ग्रॅमहून जास्त प्रथिनं सोडतात. जीन्सला जुनाट, मऊ रूप देणारी आणि कपड्यांवरची लव काढणाऱ्या धुण्याच्या पावडरीतली एन्झाइमं याच कुळातली.

ही बुरशी एकच एन्झाइम सोडत नाही, अख्खी टोळी सोडते. एन्डोग्लुकॅनेज नावाची एन्झाइमं साखळीच्या मधोमध, जिथे ती सैल पडलेली असेल तिथे तोडतात. सेलोबायोहायड्रोलेज टोकापासून सुरू करतात. त्यांच्या रेणूत एक बोगदा असतो. साखळीचं टोक त्यात ओवलं जातं, आणि रेणू स्फटिकाच्या पृष्ठभागावरून पुढे सरकत दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे पाडत जातो. हे सरकणं माणसाने डोळ्यांनी पाहिलं आहे. टोकियो विद्यापीठातल्या कियोहिको इगाराशी यांच्या गटाने अतिवेगवान अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली या रेणूंची हालचाल टिपली. सेकंदाला काही नॅनोमीटर या वेगाने रेणू एकाच दिशेने रांगेत चाललेले, आणि पुढचा अडला की मागचेही थांबलेले. २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापलेल्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘वाहतूक कोंडी’ आहे. २०१० मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली: एलपीएमओ नावाची एन्झाइमं, ज्यांच्या गाभ्यात तांब्याचा एकच अणू असतो. सुघड स्फटिकालाही ती चिरा पाडू शकतात. शेवटी बीटा-ग्लुकोसिडेज येतं आणि दोन-दोनचे तुकडे तोडून निव्वळ ग्लुकोज करतं. ते बुरशीचं जेवण.

इथे माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे. बुरशीला धागा नको असतो, तिला साखर हवी असते. टोळीला मोकळं सोडलं तर ती कापसाची साखर करून मोकळी होईल. इथेनॉल हवं असेल तर तेच बरोबर. आपल्याला मात्र तो ताठ धागा अख्खा हवा आहे. म्हणून टोळीतलं फक्त एन्डोग्लुकॅनेज घ्यायचं, तेही थोडंसं. पन्नासेक अंश सेल्सिअसला दोन-एक तास ठेवायचं, आणि सैल भाग कुरतडून झाले, तंतू पाणी पिऊन फुगू लागले की उष्णता वाढवून एन्झाइम निकामी करायचं. तंतूचं वजन फारसं घटत नाही. दिसायलाही तो जवळजवळ तसाच असतो. पण आतून त्याच्या गाठी सुटलेल्या असतात. असा तंतू होमोजिनायझरमध्ये घातला की यंत्र तुंबत नाही, धागे सहज सुटतात. स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००७ मध्ये हे दाखवलं आणि टर्बाक यांचा शोध कपाटातून बाहेर आला. एन्झाइमची किंवा तत्सम पूर्वप्रक्रिया केल्यावर टनामागची वीज १,००० युनिटच्या घरात आणता येते, म्हणजे आधीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्यावर. २०११ मध्ये तिथे जगातला पहिला प्रायोगिक कारखानाही उभा राहिला. शिवाय एन्झाइमने सोडवलेल्या धाग्याच्या अंगावर सल्फेट नसतं, त्यामुळे तो उष्णता जास्त सोसतो. प्लॅस्टिकमध्ये मिसळून साच्यात ओतायचा असेल तर हा गुण फार मोलाचा.

आपल्याकडे हे काम माटुंग्याला झालं आहे. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सिरकॉट, १९२४ पासून तिथे आहे. कापसाच्या तंतूची लांबी, ताकद, बारीकपणा मोजण्यात या संस्थेने जवळजवळ शतक घालवलं. तिथल्या संशोधकांनी २०११ मध्ये कापसापासून सेल्युलोजच्या नॅनोकाड्या बनवण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यात बाटलीतलं शुद्ध एन्झाइम नव्हतं, जिवंत ट्रायकोडर्मा रीसाय होती. बुरशी कापसाच्या सूक्ष्म कणांवर वाढू द्यायची, तिच्या एन्झाइमना सैल भाग खाऊ द्यायचा आणि ताठ भागापर्यंत पोचण्याआधी सगळं आवरतं घ्यायचं. पुढे २०१३ मध्ये त्याच संस्थेतून हवेविना जगणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या मिश्र समूहाकडून गोलाकार नॅनोसेल्युलोज मिळवल्याचं काम आलं. शुद्ध एन्झाइम महाग पडतं. सूक्ष्मजीवच कामाला लावले तर तो खर्च टळतो. पण मग नेमकं कधी थांबवायचं हे ठरवणं जास्त अवघड होतं, कारण जिवंत बुरशीच्या भुकेला मोजमाप नसतं. ज्या बुरशीने सुती तंबूंचा नाश केला, तीच कापसाचा सर्वांत बारीक धागा सोडवून हातात देते, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

आता कचऱ्याविषयी. सरकीच्या लवेचं काम तुलनेने सोपं आहे, कारण ती मुळातच शुद्ध. पण तिला आधीच गिऱ्हाइकं आहेत. विदर्भात खरा ढीग असतो तो पऱ्हाटीचा. वेचण्या संपल्या की कपाशीची वाळकी झाडं मुळासकट उपटली जातात. गुलाबी बोंडअळीचं चक्र तुटावं म्हणून फरदड (वेचण्यांनंतरही राखलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी शेतात ठेवू नका, असं कृषी विभागही सांगतो. मग बरीच पऱ्हाटी बांधावर पेटवली जाते. यवतमाळ, अमरावती, वर्ध्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला हा धूर सर्वांच्या परिचयाचा आहे. कोरड्या पऱ्हाटीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग सेल्युलोजचा असतो. पण ती लाकडासारखी आहे. तिच्यात भरपूर लिग्निन असतं. लिग्निन हा झाडाचा चिवट, तपकिरी सांधा. एन्झाइम त्याला चिकटून वाया जातं, सेल्युलोजपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे आधी अल्कली घालून शिजवणं, मग विरंजन करणं भाग पडतं, आणि ती कामं एन्झाइमइतकी सौम्य नाहीत. ‘हरित नॅनोद्रव्य’ असं लेबल लावण्याआधी या पहिल्या टप्प्याचं पाणी, अल्कली आणि सांडपाणी हिशेबात धरलंच पाहिजे. झायलॅनेजसारखी एन्झाइमं लगद्याच्या विरंजनाला मदत करतात आणि रसायनं कमी लागतात, म्हणून त्या टप्प्यावरही उपाय दिसतो आहे. पण तो प्रश्न पुरता सुटलेला नाही.

दुसरी गोष्ट, कचरा म्हणजे फुकट माल असं धरून चालता येत नाही. उसाच्या चिपाडात सेल्युलोज भरपूर असलं तरी साखर कारखान्याचा बॉयलर त्याच्यावरच चालतो. पऱ्हाटी कित्येक घरांत चुलीत जाते. जे बांधावर नुसतंच जळून जातं ते घेतलं तर कुणाचं काहीच हिरावत नाही. तिथूनच सुरुवात व्हायला हवी असं मला वाटतं.

आणि या धाग्याचा उपयोग काय? दोन टक्के धागे आणि अठ्ठ्याण्णव टक्के पाणी एवढ्यावर भांडं उलटं केलं तरी न सांडणारा जेल तयार होतो, आणि तोच ढवळला की पातळ होतो. जपानमध्ये या गुणावर एका जेल पेनची शाई बेतली आहे: पेन स्वस्थ असताना शाई घट्ट, गोळी फिरू लागली की वाहती. धागे प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी बारीक असल्यामुळे त्यांचा दाट कागद केला तर त्यातून आरपार दिसतं. कागदाच्या लगद्यात थोडे घातले तर कागद बळकट होतो. त्यांच्या पातळ पापुद्र्यातून ऑक्सिजन सहज जात नाही, म्हणून खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी त्यांच्याकडे पाहिलं जातं. २०१९ च्या टोकियो मोटार प्रदर्शनात क्योटो विद्यापीठाच्या पुढाकाराने बनवलेली एक मोटार ठेवली होती. तिचे अनेक भाग नॅनोसेल्युलोज मिसळलेल्या द्रव्याचे होते आणि वजन दहा टक्क्यांहून जास्त घटवण्याचं लक्ष्य तिच्यामागे होतं.

एक हट्टी अडचण अजून आहे, आणि तीही त्याच हायड्रोजन बंधांची. जेल वाळवला की सुटे झालेले धागे पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात आणि मग पाण्यात टाकले तरी सुटत नाहीत. गोठवून वाळवणं, फवाऱ्याने वाळवणं, मध्ये दुसरा पदार्थ घालून धागे लांब ठेवणं असे उपाय आहेत, पण प्रत्येकाला ऊर्जा किंवा पैसा लागतो. न वाळवता पाठवायचा तर ट्रकमध्ये अठ्ठ्याण्णव टक्के पाणी भरून न्यायचं. त्यामुळे हा माल लांबचा प्रवास करू शकत नाही. माल जिथे लागतो तिथेच तो बनवावा लागतो, आणि कच्चा माल जिथे पडून आहे तेही ठिकाण जवळ असावं लागतं. कागद गिरणीत शिजवण्याची, विरंजनाची, लगदा दळण्याची यंत्रं आणि सांडपाण्याची सोय आधीच असते. तिला भर घालावी लागेल ती एन्झाइमच्या टाकीची आणि होमोजिनायझरची, आणि तयार झालेला जेल ती स्वतःच्याच कागदात ओल्या अवस्थेतच वापरू शकते. बल्लारपूरची कागद गिरणी आणि वणी, वरोऱ्याची पऱ्हाटी यांच्यातलं अंतर पाहिलं, तर विदर्भात पहिला प्रयोग कुठे करून पाहावा हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं.